पलीकडचं टोक

जाड दोरी एकट्याला वळता येत नाही. एकाने चाक फिरवायचं, आणि दुसऱ्याने कमरेला वाखाची, म्हणजे घायपाताच्या धाग्यांची, पेंडी बांधून, बोटांतून वाख सोडत सोडत मागे मागे जायचं. चाकाला आकडा असतो. आकडा फिरला की वाखाला पीळ बसतो आणि दोघांच्या मधे पेड लांबत जातो. त्यामुळे दोरवाल्यांचा संसार असा, की नवरा-बायको दिवसभर एकमेकांच्या समोर असतात, पण दोन टोकांना. बोलायचं ते ओरडून. भांडायचं तेही ओरडूनच, म्हणून घरची भांडणं सगळ्या गल्लीला पाठ.

या दोरवाल्याच्या घरामागेही एक लांबट, अरुंद पट्टी होती. तिला ते धाव म्हणत. अलीकडच्या टोकाला पत्र्याची छपरी, छपरीत चाक, चाकापाशी बायको. पलीकडचं टोक कुंपणाला लागलेलं. लग्न झाल्यापासून ती चाकावर आणि तो धावेवर. उलटं चालायची त्याला इतकी सवय, की लोक म्हणत, हा गडी बाजारातसुद्धा पाठीमागे चालत जाईल आणि कोणाला धक्का न लावता परत येईल.

गेल्या काही वर्षांत बायकोच्या डोक्यातून एकेक गोष्ट निसटत गेली होती. आधी डब्यांची झाकणं, मग वार, मग शेजारणी. मग लेक. नवराही गेला, पण सगळा गेला नाही. जवळ आला की तो परका माणूस असे. धावेच्या पलीकडच्या टोकाला जाऊन उभा राहिला की तो तिचा नवरा होई. डॉक्टरांना त्याने हे सांगितलं, तर ते म्हणाले, असं होतं. दोरवाल्याला वाटलं, असं होत असेल तर होऊ दे, पण कोणाचं होतं तेही सांगा, म्हणजे त्याच्याशी दोन शब्द बोलता येतील.

सकाळी तो कपबशी घेऊन तिच्या खाटेपाशी गेला की ती अंग चोरून बसे.

"कोण पाहिजे?"

"चहा आणलाय."

"मालक घरी नाहीत. संध्याकाळी या."

"बरं, येतो संध्याकाळी. चहा तेवढा घ्या. त्यांनीच द्यायला सांगितलाय."

मालकांनी सांगितलंय म्हटल्यावर ती चहा घेई. पहिल्या पहिल्यांदा त्याने वाद घातला होता. अगं, मीच तो, म्हणून छाती बडवून घेतली होती, लग्नातला फोटो काढून दाखवला होता. त्याने एवढंच झालं, की ती घाबरून शेजारच्या घरात पळाली. आता तो वाद घालत नसे. सांगतही नसे काही. सांगितलं की तिचं बिघडे, पण वस्तू दिसली की हातांना आठवे. म्हणून तो वस्तू मांडून ठेवी. दोरीवर ओला टॉवेल, त्याच्या खाली तांब्या. पुढे फळीवर फणी. उंबऱ्यापाशी चपला, तोंड धावेकडे केलेल्या. ती टॉवेल दिसला की तोंड पुशी, फणी दिसली की केस विंचरी, चपला दिसल्या की पाय घाली, आणि चपलांचं तोंड जिकडे असेल तिकडे चालू लागे. चालत जाऊन चाकापाशी बसे. एखाद्या दिवशी चपला उलट्या राहिल्या, तर ती उलट दिशेने बाहेरच्या दारातून रस्त्याला लागे. एकदा तशी गेली, ती दुपारी ओढ्याच्या काठावर बसलेली सापडली होती.

ती चाकापाशी बसली, की दोरवाला घराला वळसा घालून कुंपणापाशी जाई आणि तिथून हाक मारी.

"अगं ए! झोपलीस का?"

"मी कशाला झोपू? तुम्हीच कुठे होता इतका वेळ? उन्हं वर आली. एक माणूस येऊन गेला तुमच्याकडे."

"कसला माणूस?"

"चहा देऊन गेला. म्हातारा होता बिचारा."

"काय म्हणाला?"

"काही नाही. संध्याकाळी येतो म्हणाला. अहो, सोडा आता, मी फिरवतेय!"

आणि चाक कुरकुरू लागे. तो धाव चालत असे, ती बोलत असे. कोणाच्या बैलाने कासरा तोडला, कोणाची सोयरीक मोडली, सगळं जुनं, सगळं खरं. पलीकडच्या टोकाला उभं राहून ऐकलं तर तिला काही झालंय असं ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. दिवसातला हाच वेळ दोरवाल्याच्या संसाराचा.

पण तीन पेड एकत्र वळायला घेतले, की दोरी आखडते. आखडली की पलीकडच्या माणसाला पुढे ओढते. पूर्वी त्याला ते बरं वाटे. दोरी होत आली की बायको जवळ येई, पाण्याचा तांब्या पुढे करी. आता तो एकेक पाऊल जड टाकी. छपरीच्या सावलीची कड आली की तिच्या डोळ्यांतली ओळख विझे. तो कडेशी पोचायच्या आधीच आपलं टोक खुंटीला अडकवून बाजूला सरके. ती उठून, दोरीवरून ओलं फडकं फिरवून, तिचं वेटोळं करून भिंतीच्या खुंटीला टांगी, आणि हात झटके. दोरी टांगली म्हणजे दिवस झाला. मग ती जेवी, आणि झोपे.

हे असं कितीही दिवस चाललं असतं. पण त्या वर्षी पाऊस झाला नाही.

घायपाताला पावसाचं फारसं नाही. बांधाबांधावर त्याची पानं भाल्यासारखी उभी होती. पण पानं आठवडेच्या आठवडे पाण्यात कुजवल्याशिवाय वाख सुटत नाही, आणि ओढ्यातला डोह तर भेगाळून पडलेला. प्यायचं पाणी टँकरने येत होतं. त्या पाण्यात पानं भिजवली असती, तर लोकांनी दोरवाल्यालाच भिजवून बडवलं असतं. घरातला वाख संपला. बाहेरून मिळेना. शेवटच्या पेंडीची दोरी झाली, बायकोने ती खुंटीला टांगली, आणि दुसऱ्या दिवशी चाकाशी येऊन बसली.

"अहो, सोडा!"

सोडायला काही नव्हतं. त्याने सांगितलं, आज सुट्टी. ती उठली, बसली, पुन्हा उठली. दुपारपर्यंत तिने घरातली सगळी भांडी अंगणात आणून मांडली. संध्याकाळी ती दाराची कडी वाजवत होती आणि मला माझ्या घरी जायचंय म्हणून रडत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती झोपली असताना दोरवाल्याने खुंटीवरची दोरी काढली, पीळ उलटा दिला, पेड सुटे केले, पेड सोडून वाख केला आणि लोखंडी फणीतून विंचरला. सकाळी पेंडी कमरेला बांधून तो पलीकडच्या टोकाला उभा राहिला.

"अगं ए! झोपलीस का?"

चाक फिरू लागलं. त्यानंतर रोज सकाळी ती दोघं दोरी वळत, आणि रोज दुपारी तो एकटा ती सोडवी.

लेक आली ती नेमकी अशा दुपारी. ती शहरात कपडे शिवायच्या कारखान्यात होती. सुट्टी मिळेल तेव्हा येई. बाप धावेवर उकिडवा बसून चांगल्या दोरीची वाट लावतोय, हे पाहून ती दारातच थांबली.

"बाबा, हे काय चाललंय?"

"उद्याची तयारी."

"दोरी सोडवताय की काय?"

"हळू बोल. आई झोपलीय."

मग त्याने सांगितलं. लेक ऐकत उभी राहिली. तिने वाख हातात घेतला, दोन बोटांनी ओढला. दोरवाल्याचीच लेक ती. वाखाचे तुकडे तिच्या बोटांवर आले.

"ह्याचा भुसा होत आलाय."

"विकायचा थोडाच आहे? आईला काम हवं."

"काम कशाला हवं? ह्या वयात माणसं आराम करतात. माझ्याकडे खोली आहे, पंखा आहे. बसेल टीव्ही बघत."

"आराम तिला सोसत नाही गं."

"आणि तुम्हाला हे सोसतं? आरशात बघितलंय का? फडताळातल्या उंदरासारखे झालात." लेक खाली बसली. आतून खाट कुरकुरली, तसा तिने आवाज उतरवला. "मागच्या खेपेला मी पाया पडले, तर मला म्हणाली, कोणाची गं तू? मी म्हटलं, तुझी. तर म्हणाली, नाही, माझी लहान आहे."

दोरवाल्याने दोरीचा पीळ सोडायचं थांबवलं नाही.

जाताना लेकीने ठरवून टाकलं. "आई पुन्हा कुठे भरकटली, नाहीतर तुमच्याच्यानं होईना झालं, तर मी गाडी घेऊन येणार आणि तिला नेणार. मग हं की चूं करायचं नाही. कबूल?"

"चाक फिरतंय तोवर ती इथं राहील."

"कबूल का ते सांगा."

"कबूल."

पाऊस नाही म्हटल्यावर लोकांनी विहिरी उपसायला काढल्या होत्या, आणि विहिरी उपसायच्या म्हणजे बेडूक आलाच. विहिरीत उतरून गाळ काढणारा हा गडी. आयुष्य विहिरीत गेलं म्हणून बेडूक. खरं नाव त्याचं त्यालाही आठवावं लागे. तोंडाने बडबड्या. वर्षानुवर्षं तो ह्याच दोरवाल्याची दोरी वापरत आला होता आणि सांगत आला होता, "ह्या माणसाच्या दोरीवर मी डोळे मिटून उतरतो. बायकोवर नाही एवढा इश्वास."

त्या दिवशी टँकर उशिरा आला. दोरवाला घागरी घेऊन रांगेत उभा राहिला, आणि रांग पुढे सरकेना. तो निघाला तेव्हा बायको दोरीवरची कुसळं खुडत होती. ते काम तिला पुष्कळ वेळ पुरे. परत आला, घागरी उतरवल्या, आणि भिंतीकडे पाहिलं. खुंटी रिकामी होती.

तो घराला वळसा घालून पलीकडच्या टोकाला गेला.

"अगं, दोरी कुठाय?"

"गेली!" तिने तिथूनच ओरडून सांगितलं. किती दिवसांनी तिच्या आवाजात अशी ऐट होती. "गिऱ्हाईक आलं होतं. दाखवली ताणून, दिली खांद्यावर. सांगितलं, ओली ठेवू नका."

"कोण आलं होतं?"

"आला होता एक."

"अगं, कोण?"

"मला काय माहीत? बघा की, घाण करून गेलाय."

तो पुढे आला, तर छपरीत मातीवर पावलं उमटली होती. ओल्या, काळ्या चिखलाची, अजून न सुकलेली. त्या दिवसांत सगळ्या गावात पायाला चिखल लागलेला माणूस एकच होता.

आणि तो कोणत्या विहिरीवर आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. वीटभट्टीजवळची मोठी विहीर; चार दिवस तिचीच चर्चा.

तिला एकटी सोडून जाणं शक्य नव्हतं. त्याने तिचा हात धरला. तिने हिसडा दिला.

"हात सोडा! मालक घरी नाहीत."

"त्यांच्याकडेच जायचंय."

"मी परक्या माणसाबरोबर येत नाही."

दोरवाल्याने इकडे तिकडे पाहिलं. छपरीत शेळीचं एक जुनं लांब दावं पडलं होतं. त्याने त्याचं एक टोक तिच्या हातात दिलं, दुसरं स्वतः घेतलं आणि लांब गेला. दावं ताणलं. तिची मूठ आपोआप आवळली.

"अगं, चल!" त्याने लांबून हाक दिली.

"आले, आले. ओढू नका."

असे ते रस्त्याने निघाले. तो पुढे, ती मागे, मधे दावं. त्याला पळायचं होतं, पण पळता येत नव्हतं. दावं फार ताणलं तर ती सोडून देई, सैल पडलं तर उभी राही. पिठाच्या गिरणीपाशी बसलेल्यांनी पाहिलं.

"काय दोरवाले, वहिनींना बांधून कुठं निघालात? बाजार तर परवा!"

कोणीतरी हसलं. दोरवाल्याने मान वर केली नाही. भर उन्हात, नवरा बायकोला दाव्याने घेऊन चाललाय, हे त्याला स्वतःलाही दिसत होतं. मागून बायको विचारत होती, "अहो, किती लांब जायचं? धाव संपली ना?"

विहिरीवर दोघं गडी कप्पीवरून गाळाची टोपली वर ओढत होते. टोपली अर्ध्यावर आली होती. खालून बेडकाचं गाणं ऐकू येत होतं.

"थांबा!" दोरवाला लांबूनच ओरडला. "ओढू नका! हळू खाली घ्या! बेडका, कडेला हो, भिंतीला चिकट!"

गडी गोंधळले, पण म्हाताऱ्याचा आवाज असा होता की त्यांनी टोपली उतरवली. दोरवाला काठावर ओणवा झाला. कप्पीवर दोरी जिथे वळत होती, तिथे वाख पिंजून उठला होता, आणि एक पेड इतर दोघांपासून सैल पडून लोंबत होता.

"काय झालं हो?" खालून आवाज आला. "साप बिप आहे काय?"

"ह्या दोरीवर वर येऊ नको."

"मग काय उडून येऊ?"

"तुझी जुनी दोरी कुठाय?"

"ती तर फेकायला काढलीय. वरच पडलीय बघा, झुडपात."

दोरवाल्याने ती ओढून काढली. वरून ती मांजरासारखी केसाळ झाली होती. त्याने ती हातभर हातभर सरकवत, पीळ उघडून आतला वाख बघत, शेवटपर्यंत तपासली. मग स्वतःच कप्पीत ओवली आणि खाली सोडली.

"हिच्यावर ये."

"ही कोणाची?"

"माझीच. पाण्याच्या दिवसांतली."

बेडूक वर आला. चिखलाचा पुतळा, दात तेवढे पांढरे. त्याने नव्या दोरीचं टोक उचलून उन्हात धरलं. "हिला काय धाड भरलीय? कशी नवरीसारखी दिसतेय! तुम्ही म्हणजे ना, सुंभ जळाला तरी..."

दोरवाल्याने ती त्याच्या हातातून घेतली. एका पायाखाली धरली आणि तो सैल पेड दोन्ही हातांनी ओढला. पेड मधेच सुटून आला. आवाजसुद्धा झाला नाही. त्याच्या मुठीत नुसती लव राहिली.

बेडकाचे दात दिसेनासे झाले. "मघापासून," तो म्हणाला, "मघापासून मी हिच्याखाली उभा आहे."

"वापरलेल्या वाखाची आहे. रोज वळायचो, रोज सोडवायचो."

"कशाला?"

दोरवाल्याने बायकोकडे पाहिलं. ती काठापासून दूर, दगडावर बसली होती. दाव्याचं टोक तिने सोडलं नव्हतं.

"तिला काम लागतं. वाख नाही."

"म्हणून आम्हाला द्यायची?"

"मी घरी नव्हतो. तिने दिली."

"मग खुंटीला का टांगली होती? चुलीत का नाही घातली?" बेडकाचा आवाज चढला. "आज वहिनी पहिल्यासारख्या बोलल्या, मला वाटलं, चला, बरं झालं, बाई सुधारली. हसत हसत घेऊन आलो मी ही. माझ्या घरी तीन पोरी आहेत, दोरवाले!"

दोरवाल्याने गड्यांकडून कोयता मागून घेतला, दोरी दगडावर धरली आणि तोडायला लागला. ओझ्याला पुन्हा कधी वापरता येऊ नये, इतके आखूड तुकडे. एका घावात एक. लोक जमले होते, ते बघत होते.

बायको दगडावरून उठली.

"अहो!" ती ओरडली. तोंड दुसरीकडे, लांब, वीटभट्टीच्या मोकळ्या रस्त्याकडे. "अहो, लवकर या! कोणीतरी माणूस आपली दोरी तोडतोय!"

रस्त्यावर कोणी नव्हतं.

"अहो, ऐकू येतंय का? कुठे आहात?"

दोरवाला खाली मान घालून तोडत राहिला. बेडकाने तोंड फिरवलं. गडी उगाच कप्पीशी खुडबुड करू लागले. ती हाका मारतच होती, आणि ज्याने हाक ऐकायची तोच कोयता चालवत होता. शेवटचा तुकडा झाल्यावर त्याने सगळे तुकडे पोत्यात भरले, दाव्याचं दुसरं टोक घेतलं आणि लांब गेला.

"चल गं," तो म्हणाला.

"कुठे होता तुम्ही?" ती मागून रडत येत होती. "मी केव्हाची बोलावतेय."

संध्याकाळपर्यंत दोन गिऱ्हाइकं दोऱ्या परत घेऊन आली. ही पण तसलीच का हो, एवढंच विचारलं. चांगल्या होत्या त्या. पीळ उघडून त्याने दाखवलं. तरी ती लोकं दोऱ्या अंगापासून लांब धरून गेली, जशा कोणी ओल्या चिंध्या धरतं. दिवेलागणीला दोरवाल्याने लेकीला फोन केला. "गाडी घेऊन ये," म्हणाला. कारण सांगितलं नाही, आणि तिने विचारलं नाही.

सकाळी सवयीने त्याने टॉवेल टांगला, फणी ठेवली, चपला मांडल्या. ती येऊन चाकाशी बसली. दोरवाला पलीकडच्या टोकाला गेला आणि रिकामे हात पुढे धरून उलटा चालू लागला. पोराटोरांच्या खेळासारखं. त्याला वाटलं, गाडी येईपर्यंत तरी.

चाक एकदोनदा फिरलं. थांबलं.

"अहो, ओढ लागत नाही."

"लागेल. फिरव तू."

"वेडी समजता का मला? आकड्याला काही नाहीच."

ती उठली आणि बाहेरच्या दाराकडे निघाली. त्याच दारातून लेक आत आली. मागे रस्त्यावर भाड्याची गाडी उभी होती. लेकीने आईला धरून परत चाकापाशी बसवलं, बापाकडे एकदा पाहिलं, आणि आत जाऊन सामान बांधायला घेतलं. फळीवरची फणी घेतली, दोरीवरचा टॉवेल घेतला.

आईची मान पुन्हा दाराकडे वळली होती. दोरवाल्याने पोतं ओतलं. एवढ्याशा तुकड्यांत धावेभर जाईल असं काही नव्हतं. विंचरून, जोडून, फार तर एक आखूड दावं झालं असतं. शेळीला बांधायचं, माणसाला नाही. पण दावं वळायचं तर चाकापासून दोन पावलांवर बसावं लागतं. सावलीत. त्याने वाख आकड्याला लावला आणि तिच्याकडे पाठ करून बसला. पेड खांद्यावरून पुढे घेतला, तोंड धावेकडे. निदान चेहरा तरी तिला दिसू नये.

पाठीमागे चाक फिरलं नाही.

"अहो पाहुणे," ती म्हणाली.

त्याने पेड बोटांत घोळवला.

"तुम्हालाच म्हणतेय. असे मधे का बसलात? पलीकडे आमचे हे उभे आहेत. तुमच्यामुळे दिसत नाहीत."

दोरवाल्याने समोर पाहिलं. कुंपणापर्यंत सगळी धाव रिकामी होती. नुसतं ऊन.

"त्यांनीच बसवलंय मला," तो म्हणाला. "म्हणाले, आज जरा तू धर."

"असं होय."

"हो."

"दमले असतील. सांगायचे नाहीत कधी, पण दमतात."

चाक कुरकुरलं. आकडा फिरला. त्याच्या खांद्यावर पेड ताठ झाला.

गाडीवाल्याने बाहेर हॉर्न वाजवला. लेक गाठोडं घेऊन घराच्या मागच्या दारात आली आणि तिथेच उभी राहिली. हॉर्न पुन्हा वाजला. ती गाठोडं उंबऱ्यावर ठेवून बाहेर गेली. "आज नाही," एवढं ऐकू आलं. मग गाडीवाल्याची कुरकुर, मग गाडी वळून गेल्याचा आवाज. परत येऊन तिने गाठोडं सोडलं आणि टॉवेल दोरीवर टाकला. मग मातीत पडलेले तुकडे गोळा करून, दोघांपासून बाजूला बसून, ती त्यांचा पीळ सोडू लागली.

दोरवाल्याला हे डोळ्यांच्या कडेतून दिसत होतं, पण त्याने मान वळवली नाही. मान वळवली असती तर चेहरा दिसला असता. त्याचा हात जरा सैल पडला.

"नीट धरा हो, पाहुणे," मागून ती म्हणाली. "आमच्या ह्यांना सैल पीळ चालत नाही."

त्याने पेड ताणून धरला.